पडद्यामागचा कारभारी

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईत दूरदर्शनचे केंद्र सुरू झाले, तेव्हा ज्या मोजक्या घरांत संच होता त्या घरांतील माणसांना काय पाहावे हा प्रश्न पडत नसे. जे दाखवले जाई ते पाहिले जाई, आणि निवड करायचीच झाली तर ती संच चालू ठेवायचा की बंद करायचा एवढीच असे. पुढे केबलवाला आला, त्याच्यामागून गच्चीगच्चीवर डिशच्या छत्र्या उगवल्या, वाहिन्यांची संख्या शेकड्यांत गेली. तरीही प्रक्षेपण आणि पडदा यांच्यामधला दुवा कोणता असावा याचा विचार गृहस्थाने करण्याचे कारण नव्हते, कारण तो दुवा कंपनीच्या मर्जीने घरात येई आणि तिच्याच मर्जीने बदलला जाई.

आज पुण्याच्या तपकीर गल्लीत अथवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर दुकानाच्या फळीपुढे उभा राहिलेला, किंवा घरबसल्या मोबाइलवर बोट फिरवणारा तोच गृहस्थ बोटभर लांबीच्या काळ्या स्टिक आणि तळहातावर मावतील एवढे बॉक्स यांच्या रांगेकडे पाहून गोंधळतो. आणि खोक्यांवर छापलेल्या फोर-के, एचडीआर, डॉल्बी व्हिजन, डॉल्बी अ‍ॅटमॉस या बिरुदांचा अर्थ विचारावा, तर दुकानदार ‘साहेब, हीच घ्या, सगळे हीच नेतात’ यापलीकडे फारसा खुलासा करीत नाही. वस्तुतः ही बिरुदे चित्राच्या आणि ध्वनीच्या उत्तमतेविषयी आहेत, आणि या सगळ्या व्यवहारात काळजी करण्याजोगी बाब चित्राची उत्तमता ही क्वचितच असते. असे उपकरण घेणे म्हणजे आपल्या पडद्याला एक कारभारी नेमणे होय. आणि कारभारी नेमताना शहाणा यजमान त्याच्या अंगरख्याची जर न्याहाळत बसत नाही, तो किती वर्षे टिकेल, घरचा हिशोब कोणाला दाखवील आणि वडीलधाऱ्यांशी कसा वागेल याची चौकशी करतो.

कोणी म्हणेल, आजचा प्रत्येक नवा संच स्मार्टच असतो, मग पदरचे चार-पाच हजार खर्चून हा निराळा कारभारी कशाला? शंका रास्त आहे. आणि संच नवा असून त्यावर आपल्याला हवी ती सर्व अ‍ॅप्स विनातक्रार चालत असतील तर तूर्त काहीही घेऊ नये, हेच तिचे उत्तर. परंतु संचाचा पडदा आणि संचाची बुद्धी यांचे आयुर्मान सारखे नसते. बरा पडदा दहा वर्षे सहज काढतो. त्याच्यामागे बसवलेली चिप मात्र पुष्कळदा खरेदीच्या दिवशीच बेताची असते, कारण संचांच्या किमतींतील चढाओढ पडद्याच्या इंचांवर चालते आणि आत किती मेमरी घातली आहे हे गिऱ्हाईक विचारीत नाही. चार-पाच वर्षांत अ‍ॅप्स जड होतात, बटण दाबावे आणि पडद्याने विचार करीत बसावे अशी अवस्था येते, आणि अखेरीस एखादी सेवा जुन्या संचांना रामराम ठोकते. डिसेंबर २०१९ मध्ये नेटफ्लिक्सने सॅमसंगच्या २०१० व २०११ सालच्या काही स्मार्ट संचांवरून आपले अ‍ॅप काढून घेतले, तेव्हा त्या संचांच्या पडद्यांत काडीचाही दोष नव्हता. अशा वेळी धडधाकट पडदा भंगारात काढण्यापेक्षा त्याच्या पाठीला एक स्टिक जोडणे श्रेयस्कर. आणि नवा संच घेतानाही स्मार्टपणासाठी जादा पैसे न मोजता ते पडद्याच्या गुणांवर खर्चावेत, बुद्धी वेगळी विकत घ्यावी, म्हणजे एकाची मुदत भरली म्हणून दुसऱ्याला निवृत्त करण्याची पाळी येत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

अर्थात ही वेगळी बुद्धीही अमरपट्टा घेऊन येत नाही. गूगलचे क्रोमकास्ट हे उपकरण जुलै २०१३ मध्ये अवघ्या पस्तीस डॉलरांना बाजारात आले. त्याला रिमोटसुद्धा नव्हता, फोन हाच त्याचा हुकूम देणारा. त्याची दुसरी आवृत्ती २०१५ सालची. ती वापरणाऱ्या जगभरच्या लोकांना मार्च २०२५ मध्ये एके दिवशी असे आढळून आले की उपकरणाचा दिवा लागतो, वाय-फायही मिळते, परंतु फोन त्याला ओळख देण्यास तयार नाही. चौकशीअंती निष्पन्न झाले ते कोणत्याही सरकारी कचेरीत शोभावे असे होते. हे उपकरण अस्सल आहे, अशी हमी देणारा एक अंकीय दाखला प्रत्येक उपकरणात असतो. त्या दाखल्याला ज्या वरिष्ठ दाखल्याचा आधार, त्याची दहा वर्षांची मुदत संपली होती आणि ती वेळेवर वाढवून घेण्याचे कोणाच्या ध्यानी आले नव्हते. गूगलने काही दिवसांत दुरुस्ती पाठवली, पण मधल्या काळात ज्यांनी उतावीळपणे उपकरण मूळ स्थितीवर आणण्याचा उपाय केला त्यांना जास्तच त्रास झाला. क्रोमकास्टचे उत्पादन तर त्याआधीच, ऑगस्ट २०२४ मध्ये, थांबवल्याचे जाहीर झाले होते. खरेदीची पावती आपल्या नावाची असली तरी अशा वस्तूचा ताबा अर्धाच आपल्याकडे असतो, उरलेला अर्धा निर्मात्याच्या सर्व्हरपाशी राहतो, ही गोष्ट या प्रकरणाने जितकी उघड केली तितकी क्वचितच दुसऱ्या कशाने केली असेल.

यावरून व्यवहारापुरता एक नियम हाती लागतो. उपकरणाचे वय आपण विकत घेतल्या दिवसापासून मोजू नये, ते मॉडेल प्रथम बाजारात आले त्या सालापासून मोजावे. सणासुदीच्या सेलमध्ये निम्म्या किमतीत मिळणारी स्टिक तीन-चार वर्षांपूर्वीच्या मॉडेलची असेल, तर तिच्या उरलेल्या आयुष्याच्या मानाने ती स्वस्त ठरेलच असे नाही. दुसरी पाहण्याजोगी गोष्ट म्हणजे मेमरी. अ‍ॅमेझॉनच्या साध्या फायर स्टिकमध्ये एक जीबी रॅम आणि आठ जीबी साठवण, तर ‘फोर-के मॅक्स’ या वरच्या दर्जाच्या स्टिकमध्ये दोन जीबी रॅम आणि सोळा जीबी साठवण असते. आठ जीबीतला मोठा हिस्सा प्रणालीच व्यापीत असल्यामुळे आठ-दहा अ‍ॅप्स घातली की ‘जागा शिल्लक नाही’ अशी सूचना येऊ लागते. फोर-केचा पडदा घरात नसला तरी वरच्या दर्जाची स्टिक घ्यावी असे मी सुचवतो ते चित्रासाठी नसून या मोकळ्या जागेसाठी.

आता हा कारभारी दिवसभर करतो तरी काय, हे थोडे पाहू. चित्रपट आपल्याकडे अखंड येत नाही. काही सेकंदांचा एकेक तुकडा याप्रमाणे तो कापलेला असतो आणि प्रत्येक तुकड्याच्या कमीअधिक स्पष्टतेच्या अनेक प्रती सर्व्हरवर तयार असतात. एक तुकडा उतरवून घेण्यास किती वेळ लागला यावरून उपकरण पुढचा तुकडा कोणत्या प्रतीचा मागवायचा हे ठरवते, आणि म्हणूनच रात्री नऊच्या सुमारास, जेव्हा अवघी सोसायटी एकाच वेळी पडद्यापुढे बसते, तेव्हा चित्र थांबत नाही पण किंचित धूसर होते. सर्वांत हलकी प्रतही वेळेवर येईनाशी झाली म्हणजे मग ते कुप्रसिद्ध चक्र फिरू लागते. आलेला तुकडा आवळून बांधलेला असतो आणि तो उलगडणे हे चिपचे मुख्य काम. आवळण्याच्या पद्धती बदलत गेल्या: २००३ सालची एच.२६४, तिच्या जवळपास निम्म्या डेटात तेच चित्र देणारी २०१३ सालची एचईव्हीसी, आणि २०१८ साली आलेली एव्ही-वन, जिचा वापर यूट्यूब आणि नेटफ्लिक्स आता करू लागले आहेत. नव्याने खरेदी करणाराने एव्ही-वन उलगडण्याची सोय चिपमध्येच आहे ना, एवढे खोक्यावर अवश्य वाचावे. थेट प्रक्षेपणात हे कापणे, आवळणे, पाठवणे आणि उलगडणे यांस वेळ लागतोच. त्यामुळे शेजारच्या डिशवाल्या घरातून षटकाराचा जल्लोष ऐकू आल्यानंतर आपल्या पडद्यावर गोलंदाज धावू लागतो, आणि यावर कोणत्याही किमतीच्या उपकरणात इलाज नाही.

फोर-केविषयी आपल्याकडे जेवढे कुतूहल आहे तेवढा तिचा उपयोग होतो काय, हे साध्या अंकगणिताने तपासता येते. त्रेचाळीस इंची संचाचा पडदा सुमारे पंचाण्णव सेंटिमीटर रुंद असतो, आणि फुल एचडी चित्रात त्या रुंदीत १९२० ठिपके बसतात. म्हणजे एक ठिपका सुमारे अर्ध्या मिलिमीटरचा. निरोगी डोळ्याला एक अंशाच्या साठाव्या भागाएवढा कोन ओळखता येतो असे धरले, तर हा अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका साडेपाच फुटांपलीकडे वेगळा दिसेनासा होतो. आपल्या दिवाणखान्यात सोफा आणि संच यांच्यामध्ये आठ-दहा फुटांचे अंतर असते. तेथे बसून फोर-केच्या चौपट ठिपक्यांचे कौतुक करणारा मनुष्य बहुधा खोक्यावरील अक्षरांचेच कौतुक करीत असतो. पंचावन्न-पासष्ट इंची पडदा असेल आणि माणसे जवळ बसत असतील तर गोष्ट वेगळी. एचडीआरचेही तसेच निराळे आहे: उजेड आणि काळोख यांतील पल्ला वाढवणे हे त्याचे काम असल्यामुळे तो फरक लांबूनही जाणवतो, मात्र त्यासाठी पडद्यातच पुरेसा प्रकाश लागतो, आणि स्वस्त संचांवर ते अक्षर छापलेले असूनही प्रकाश नसतो. शिवाय नेटफ्लिक्सवर फोर-के चित्र सर्वांत महाग प्लॅनवाल्यांनाच मिळते, आणि २०१९ साली भारतात आणलेला त्यांचा स्वस्त मोबाइल प्लॅन तर टीव्हीवर चालतच नाही, हे स्टिक घरी आणून जोडल्यानंतर कळलेली कुटुंबे थोडीथोडकी नसावीत. फोर-केसाठी सेकंदाला पंधरा मेगाबिट वेग लागतो, म्हणजे तासाला जवळजवळ सात जीबी. साध्या एचडीलाही तासाला तीन जीबीपर्यंत डेटा जातो. शहरातल्या फायबरवर याची मातब्बरी नाही, परंतु गावाकडे रोजच्या दोन जीबीच्या रिचार्जवर फोनचे हॉटस्पॉट लावून टीव्ही पाहणाऱ्याचा दिवसाचा शिधा मध्यंतरापूर्वीच संपतो.

ज्या गोष्टीचा खोक्यावर उल्लेख नसतो आणि जी दुकानात कोणी दाखवीत नाही, परंतु जाणत्या डोळ्याला रोज खुपते, ती म्हणजे हालचाल. चित्रपट बोलका झाला तेव्हापासून त्याची गती सेकंदाला चोवीस चौकटी अशी ठरली. आपल्याकडील प्रक्षेपणाची व्यवस्था पन्नासाच्या हिशोबाने चालत आली. आणि बाजारातील बहुतेक स्टिक जोडल्याबरोबर पडद्याला सेकंदाला साठ वेळा चित्र पुरवू लागतात, कारण त्यांचा जन्म अमेरिकन पद्धतीच्या हिशोबात झालेला असतो. आता चोवीस चौकटी साठ जागांत बसवायच्या तर प्रत्येकीला अडीच जागा येतात. अर्धी चौकट दाखवता येत नाही म्हणून उपकरण एक चौकट दोनदा, पुढची तीनदा, पुन्हा एक दोनदा, अशी वाटणी करते. स्थिर प्रसंगात हे लक्षात येत नाही, पण कॅमेरा एखाद्या डोंगररांगेवरून संथपणे सरकू लागला की ती रांग सुरळीत न वाहता ठेचाळत जाते. क्रिकेटमध्ये हिशोब आणखी विचित्र होतो: पन्नास चौकटी साठ जागांत बसवताना दर पाचवी चौकट दोनदा दाखवावी लागते, म्हणजे सेकंदात दहा वेळा चित्र क्षणभर अडखळते, आणि कव्हर्समधून सीमारेषेकडे धावणारा चेंडू सरळ रेषेत न जाता बारीक गचके खात गेल्याचा भास होतो. इंटरनेट संथ आहे, संच जुना झाला, डोळ्यांचा नंबर वाढला, अशी नाना कारणे घरात सुचवली जातात; खरे कारण या वाटणीत असते.

इलाज फुकटाचा आहे. फायर स्टिक आणि अ‍ॅपल टीव्ही या दोहोंच्या सेटिंग्जमध्ये, चित्राच्या मूळ गतीशी पडद्याची गती जुळवून घेण्याचा पर्याय असतो आणि तो सामान्यतः बंद ठेवलेला असतो. तो चालू केला म्हणजे कार्यक्रम बदलताना पडदा क्षण-दोन क्षण काळा होतो, याची सवय करून घ्यावी लागते. सर्वच अ‍ॅप्स हा हुकूम पाळतात असेही नाही. जे अ‍ॅप पाळत नाही त्यावर क्रिकेट पाहायचे असेल तर सामन्यापुरती उपकरणाची गती हाताने पन्नासावर आणून ठेवावी. त्याच वेळी संचाच्या स्वतःच्या सेटिंग्जमधील हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करावी. ती दोन खऱ्या चौकटींच्या मध्ये मनाने रचलेल्या खोट्या चौकटी घुसडते आणि नामवंत छायालेखकाने टिपलेला चित्रपट दुपारच्या मालिकेच्या पातळीवर आणून बसवते. खरेदीपूर्वी एकच तांत्रिक प्रश्न विचारायचा झाला तर तो डॉल्बीविषयी नसावा. ‘ही मूळ गती जुळवते का?’ असा असावा.

उपकरण उत्तम असूनही ते चालणार की रखडणार हे घराच्या भिंती ठरवतात. वाय-फायच्या मुख्यतः दोन लहरी असतात: २.४ गिगाहर्ट्झची लांबवर आणि भिंतींपार जाते, पण तिच्या वाटेवर शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या राउटरांची गर्दी असते; ५ गिगाहर्ट्झची वेगवान आणि मोकळी, परंतु भिंतीपुढे लवकर हात टेकते. वाड्यातील दोन-दोन फूट जाडीच्या दगडी भिंतींना किंवा कोकणातल्या चिऱ्याच्या घरांना ही दुसरी लहर मानवत नाही; तेथे राउटर टीव्हीच्याच खोलीत आणावा, अथवा वायरीचे पोर्ट असलेला बॉक्स घेऊन केबलच ओढावी. स्टिकच्या खोक्यात एचडीएमआयची जी वीतभर जोडवायर येते ती पुष्कळ लोक निरुपयोगी समजून ड्रॉवरमध्ये टाकतात. वास्तविक संचाच्या धातूच्या पाठीशी चिकटलेल्या स्टिकला लहरी नीट मिळाव्यात आणि हवा लागावी म्हणूनच ती दिलेली असते. तसेच भिंतीवर एक प्लग वाचतो म्हणून स्टिकला वीज संचाच्या यूएसबी पोर्टातून देण्याची युक्ती करू नये. ते जुने पोर्ट अर्धा अँपिअर देते, स्टिकला एक अँपिअरच्या आसपास लागतो, आणि मग ऐन रंगात आलेल्या प्रसंगी ती आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होते व मंडळी वाय-फायला दोष देतात. जेथे वीज वरचेवर जाते तेथे इन्व्हर्टरवर टीव्हीबरोबर राउटरही घेतला आहे याची खातरजमा करावी.

बाजारात एक तिसरीच जात आढळते: अनोळखी नावाचे, ‘लाइफटाइम फ्री, सगळी अ‍ॅप्स चालू’ असे लिहिलेले अँड्रॉइड बॉक्स, जे दीड-दोन हजारांत मिळतात. यांच्याविषयी सौम्य शब्द वापरण्याचे मला कारण दिसत नाही. पहिली गोष्ट अशी की चित्रपटसेवा आपला माल वाइडवाइन नावाच्या कुलपात पाठवतात. त्या कुलपाची पहिल्या दर्जाची मंजुरी ज्या उपकरणाला नाही त्याला नेटफ्लिक्ससारख्या सेवा एचडी चित्र देतच नाहीत, मग खोक्यावर फोर-के असो की आठ-के. दुसरी गोष्ट अधिक गंभीर. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआय या तपाससंस्थेने ‘बॅडबॉक्स २.०’ नावाच्या जाळ्याविषयी जाहीर इशारा दिला. त्यात लक्षावधी घरगुती उपकरणे सापडली होती आणि स्वस्त स्ट्रीमिंग बॉक्सांचा त्यांत समावेश होता. काहींमध्ये कारखान्यापासूनच घातकी प्रणाली दडवलेली, काहींमध्ये पहिल्या जोडणीच्या वेळी डाउनलोड करायला लावलेल्या अ‍ॅपमधून शिरलेली; आणि असा बॉक्स एकदा घरच्या वाय-फायवर आला म्हणजे परक्या गुन्हेगाराची वाहतूक आपल्या जोडणीवरून, आपल्या नावावर चालते. गूगलची प्ले प्रोटेक्ट ही संरक्षक व्यवस्था बंद करा असे जे उपकरण सांगते, किंवा पैशाने मिळणारे सर्व काही फुकट देण्याचे जे आश्वासन देते, ते दुकानातच ठेवून यावे.

नामांकित कंपन्यांची उपकरणे या अर्थाने निर्धोक असली तरी निःस्वार्थी नसतात. चार हजारांच्या आतबाहेर एवढे सामर्थ्य मिळते याचे कारण असे की विक्रेत्याचा खरा नफा स्टिकवर नसून तिच्या मुखपृष्ठावरील जाहिरातींवर, तिच्यामार्फत विकल्या जाणाऱ्या वर्गण्यांवर आणि आपण काय पाहतो या माहितीवर असतो. स्मार्ट संचही यात मागे नाहीत. फेब्रुवारी २०१७ मध्ये व्हिझिओ या संचनिर्मात्या कंपनीने अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी तडजोड करून बावीस लाख डॉलर भरले, कारण तिने एक कोटी दहा लाख संचांवर काय पाहिले जाते याची नोंद मालकांच्या स्पष्ट संमतीवाचून ठेवली होती; संचामागे हिशोब केला तर दंड वीस सेंट पडला, आणि एवढ्या दंडाने कोणाला जरब बसावी हा प्रश्नच आहे. भारतात २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला आहे. तरीही सेटिंग्जमधील ‘प्रायव्हसी’ या सदरात जाऊन जाहिरातींसाठी माहिती वापरण्याची परवानगी बंद करणे हे पाच मिनिटांचे काम ज्याने त्याने स्वतःच करावे. दप्तर उघडे ठेवायचे की मिटायचे हे सांगण्याचा अधिकार यजमानाचा असतो, पण त्याने तो बजावला पाहिजे.

राहता राहिली नावानिशी निवड. अ‍ॅमेझॉनची फायर स्टिक भारतात एप्रिल २०१७ मध्ये ३९९९ रुपयांना आली आणि अजूनही सर्वत्र मिळते. ती सोपी आहे, मुखपृष्ठावर जाहिराती फार आहेत, आणि २०२५ पासून काही नव्या मॉडेलांत कंपनीने अँड्रॉइड सोडून व्हेगा ही स्वतःची प्रणाली घातली असून तीत कंपनीच्या दुकानाबाहेरचे अ‍ॅप चालत नाही, हे ध्यानात घ्यावे. गूगल टीव्हीवर चालणारी शाओमी वगैरेंची उपकरणे अँड्रॉइड फोन वापरणाऱ्यांच्या अंगवळणी लवकर पडतात. अ‍ॅपल टीव्ही २०२२ साली १४,९०० रुपयांपासून पुढे विकला जाऊ लागला. किंमत ऐकून कपाळाला आठ्या पडतात, परंतु मुखपृष्ठावरील जाहिरातींचा गलबला तेथे पुष्कळ कमी आणि चौसष्ट जीबीची साठवण असल्यामुळे आयुष्य दीर्घ, तेव्हा घरात आयफोन असतील आणि जमत असेल तर त्याला नाव ठेवण्याजोगे थोडे आहे. ब्रॉडबँडबरोबर मिळणारा सेटटॉप बॉक्स ‘फुकट’ असतो खरा, पण तो बहुधा जोडणी असेपर्यंतच आपला. कंपनी बदलली की परत करावा लागतो. परदेशातील मुलामुलींनी येताना आणलेल्या उपकरणाला येथे वॉरंटी लागू होईलच असे नाही, आणि कोणती अ‍ॅप्स दिसतील हे खाते कोणत्या देशात नोंदवले आहे यावर अवलंबून राहते.

यांपैकी काहीही घेण्यापूर्वी घरात खरोखर काय पाहिले जाते याची यादी करावी, आणि त्या यादीतील प्रत्येक अ‍ॅप त्या उपकरणावर आहे का हे पाहावे. प्रसारभारतीने २० नोव्हेंबर २०२४ रोजी गोव्यातील इफ्फी महोत्सवात सुरू केलेले वेव्हज हे अ‍ॅप कोणाला दूरदर्शनच्या जुन्या कार्यक्रमांसाठी हवे असेल. कोणाला मराठी मालिकांपलीकडे काहीच नको असेल. आजी-आजोबांना बातम्या आणि सह्याद्री वाहिनी एवढ्यावर समाधान असेल, तर डीडी फ्री डिशला महिन्याचे भाडे नाही आणि तीत एकही पासवर्ड नाही. त्यांच्या माथी स्टिक मारण्याची काही आवश्यकता नाही. मारायचीच असेल तर दोन रिमोटांचा घोळ आधी मिटवावा. संचाच्या सेटिंग्जमध्ये एचडीएमआय-सीईसी नावाची सोय असते, जिला सॅमसंग एनीनेट प्लस, एलजी सिंपलिंक आणि सोनी ब्राव्हिया सिंक असे म्हणते. ती सुरू केली की स्टिकचे बटण दाबताच संच आपण होऊन चालू होतो आणि योग्य पोर्टावर येतो. ‘अरे, हे निळं कसलं आलं, काही दिसत नाही’ असे आईचे जे फोन मुलाला कचेरीत येतात, त्यांतील निम्मे तरी चुकीच्या पोर्टामुळे येतात. खरेदीचा पिन लावून ठेवणे तितकेच आवश्यक, नाहीतर नातवाच्या एका ओके-सरशी आजोबांच्या खात्यातून महिन्याची वर्गणी जाऊ लागते.

आणि जुनी स्टिक घरकाम करणाऱ्या बाईंना, वॉचमनला किंवा भाच्याला देऊन टाकताना ती नुसती उपटून देऊ नये. तिच्यावर आपले खाते, पाहिलेल्या कार्यक्रमांची यादी आणि कदाचित पैसे देण्याची व्यवस्थाही जिवंत असते. प्रथम सेटिंग्जमधून खाते काढावे, मग उपकरण मूळ स्थितीवर आणावे, आणि फोनवरून आपल्या अ‍ॅमेझॉन किंवा गूगल खात्यातील उपकरणांच्या यादीत तिचे नाव उरले नाही ना हे पाहून घ्यावे. त्या यादीत बहुधा पूर्वी हरवलेला एखादा फोन आणि गेल्या वर्षी सहलीतल्या हॉटेलच्या टीव्हीवर उघडून तसेच सोडून आलेले खातेही सापडते, तेही त्याच बैठकीत बंद करून टाकावे.